अर्थ पाहायला कोश नव्हता

हुद्दारमास्तरांनी चिठ्ठी लिहिली ती मराठीतच,
निळ्या शाईत, समास सोडून.
फक्त शेवटची ओळ इंग्रजी:
धिस इज कॅलम्नी.
खाली सही, तारीख,
आणि चिठ्ठीवर ठेवलेल्या कपाटांच्या किल्ल्या.

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट.
रामबागेतल्या आमच्या वाचनालयात
कार्यकारिणीचे सात जण सतरंजीवर.
चिठ्ठी हातोहात फिरली, चष्मे बदलले गेले.
कॅलम्नी म्हणजे काय हो, पागनीस?
पागनीस रेल्वेतले. म्हणाले, आजार असावा, घशाचा.
खासगीवाले वकील नेमके महूला गेलेले.
कोणी म्हणालं, कोशात पाहा की.
मग सगळे गप्प,
कारण कोशच तर नाहीसा झाला होता
आणि त्याचाच आळ मास्तरांवर.

शेवटी वहीत लिहिलं गेलं:
श्री. हुद्दार यांचा राजीनामा
एकमताने मंजूर.

वाक्य माझं होतं.
मी एकोणीस वर्षांची, कार्डं लावायचे, महिना चाळीस रुपये.
मेथी निवडता निवडता एवढंच म्हणाले,
मास्तर आज पिशवीतून काहीतरी जड नेत होते.
खोटं एक अक्षर नाही त्यात.
काकूंनी ते शेजारी नेलं.
नळावर काहीतरीचं पुस्तक झालं,
देवळाच्या पायरीवर पुस्तकं,
आणि राजवाड्यापर्यंत पोचेतो
खजुरी बाजारात रद्दीवाल्याने मोजलेले पैसेसुद्धा
लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते.
पन्नास. कोणी म्हणे ऐंशी.
मी कुठे म्हटलं होतं, चोरलं म्हणून?
हेही मी कुणाला म्हटलं नाही.

आपल्याकडे शब्द कमी नाहीत.
आळ घेतात, बोल लावतात, कुभांड रचतात,
इथल्या हिंदीत तोहमत, तीही लावतात, टिकलीसारखी.
आणि किटाळ.
लोहारपट्टीत घण पडला की उडतं ते.
कुणाच्या सदऱ्याला भोक पडलं
ते लोहाराला कळतही नाही,
त्याचं लक्ष लोखंडाकडे.

मास्तरांनी यातला एकही उचलला नाही.
सगळे आमच्याच तोंडातले, उष्टे.
त्यांना इस्त्रीचा हवा असेल एखादा,
पेटीतल्या कोटासारखा,
वर्षावर्षात बाहेर न काढलेला.
किंवा असंही असेल,
आवाज चढू नये म्हणून
माणूस रागावताना परक्या भाषेत जातो.

दिवाळीनंतर हातिमभाई जिल्दसाज आले,
सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधलेला कोश.
नवी लाल जिल्द, पाठीवर सोनेरी अक्षरं,
बिल साडेअकरा रुपये, उशीर झाल्याची माफी,
आणि, मास्टरसाब को सलाम कहिएगा,
सी के पन्ने ढीले थे, संभाल के सिये हैं.

सीचं पान सपाट उघडेना, शिवण इतकी घट्ट.
अंगठ्याने दाबून धरलं तेव्हा दिसलं:
औपचारिक. खोटा आरोप,
दुसऱ्याचं नाव खराब करण्यासाठी
जाणूनबुजून केलेला.

जाणूनबुजून.
त्या शब्दाशी मी थांबले.
दार होतं ते, चांगलं उघडं.
म्हणजे मी नाही.
काकूही नाहीत, नळ नाही, पायरी नाही,
सातांपैकी तर कोणीच नाही.
एकेक करून सगळे निघून गेलो त्यातून.

मास्तर तोवर देवासला, मुलीकडे.
कार्यकारिणीने ठराव केला: बिल चुकते करावे.
वहीत तेवढंच आहे.

कोश आला म्हणून त्याचं कार्ड काढायला
मी खण ओढला.
कार्ड जागच्या जागी होतं.
त्यावर निळ्या शाईत, समास सोडून,
बांधणीसाठी नेला. हुद्दार.
तारीख त्याच दिवसाची, पिशवीच्या.

खण माझ्या ताब्यातला.
किल्ली माझ्याच कमरेला होती.